प्रश्न तुमचे: ब्रेस्ट कॅन्सरनंतर वाढलेलं वजन

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले बरेचसे एकाच गोष्टीबद्दल होते. ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, रिपोर्ट चांगले आहेत, घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला, पण वजन वाढलंय आणि काही केल्या उतरत नाही, आणि त्याबद्दल बोलायचं कुणाशी हेच कळत नाही. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत (थायरॉईडवाल्या मैत्रिणींनो, तुमचे सगळे प्रश्न माझ्याकडे नीट आहेत) आणि अख्खी जागा यालाच दिलीये. नावं कुणाचीच छापत नाही, फक्त राहण्याचा भाग लिहितेय.

सहकारनगरहून

ताई, माझं वय ५४. अडीच वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, मग केमो, रेडिएशन, आणि आता रोज लेट्रोझोलची गोळी. आजाराआधी ६१ किलो होते, आता ७३ आहे, उंची पाच फूट दोन इंच. घरात सासूबाई, मिस्टर, मुलगा आणि सून. सासूबाईंना वाटतं मला अशक्तपणा आलाय, त्यामुळे डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, खीर चालूच असतं, नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. दोनदा डाएट चार्ट आणला, त्यात ओट्स, ब्रोकोली, ग्रीक योगर्ट असलं सगळं, माझा वेगळा स्वयंपाक करायचा कुणी, पंधरा दिवसांत बंद पडलं. माझी धाकटी बहीण न्यूयॉर्कला असते, तिच्या शेजारच्या डॉमिनिकन बाईंना हाच आजार झाला होता, त्या सांगतात की तिकडे लॅटिना (लॅटिन अमेरिकेकडच्या) बायकांसाठी हॉस्पिटलतर्फे स्वयंपाकाचे वर्ग झाले, बाजारात नेऊन खरेदी कशी करायची ते शिकवलं. असं आपल्याकडे का नाही? आणि तोपर्यंत मी नक्की काय करू?

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, हे बारा किलो तुमच्या आळसानं आलेले नाहीत. केमोच्या वेळी उलटी आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात, त्यानं भूक वाढते. केमोमुळे कित्येकींची पाळी अचानक बंद होते आणि जो बदल एरवी चार-पाच वर्षांत हळूहळू होतो तो काही महिन्यांत होऊन बसतो. त्यात थकवा, झोपेचा बोजवारा, महिनोन्महिने घरात बसून राहणं, त्यामुळे दंड-मांड्यांचे स्नायू कमी होतात आणि त्यांच्या जागी चरबी येते, म्हणजे काट्यावर दिसतं त्यापेक्षा आतला बदल जास्तच असतो. हे सगळं ट्रीटमेंट सुरू करतानाच बायकांना सांगितलं गेलं पाहिजे असं माझं अगदी ठाम मत आहे, कारण न सांगितल्यामुळे प्रत्येक बाई स्वतःलाच दोष देत बसते.

आता आकड्यांचं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेएकोणतीसच्या आसपास येतो. आपल्या भारतीय शरीरात पोटाभोवती चरबी लवकर साठते म्हणून आपल्यासाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं सांगतात. पण लगेच ५० किलोची स्वप्नं बघू नका, आजाराआधीही तुम्ही २५ च्या जवळच होतात. पहिलं टार्गेट फक्त पाच टक्क्यांचं ठेवा, म्हणजे साडेतीन-पावणेचार किलो, आणि त्याला सहा महिने द्या. एवढ्यानंही साखर, बीपी, गुडघे यात फरक पडतो.

वजनाकडे लक्ष द्यायचं का, तर पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे, आणि तुमची लेट्रोझोल नेमकं तेच एन्झाइम अडवते. म्हणजे गोळी आपलं काम करतेच आहे, आपण चरबी कमी करून तिला साथ द्यायची. लठ्ठपणा असलेल्या बायकांमध्ये हा आजार परत येण्याचा धोका जास्त दिसतो हे बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलंय. मुद्दाम वजन कमी केलं तर तो धोका घटतो का, हे बघायला अमेरिका आणि कॅनडात तीन हजारांहून जास्त बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू केलाय. त्यात कोच फोनवरून बायकांच्या मागे राहतात, आणि वर्षभरात त्या बायकांचं वजन सरासरी पाच टक्क्यांच्या जवळपास उतरलं, ज्यांना कोच नव्हता त्यांचं उलट थोडं वाढलं. तेव्हा भीतीनं रात्र रात्र जागू नका, पण विषय सोडूनही देऊ नका.

आता तुमच्या बहिणीच्या शेजारणीचं. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीमनं ‘कोसिनार पारा सु सालुद’ (स्पॅनिशमध्ये ‘आपल्या आरोग्यासाठी स्वयंपाक’) नावाचा एक कार्यक्रम ७० लॅटिना बायकांना घेऊन करून बघितला होता आणि २०१५ मध्ये त्यावर लेख आला. शेजारणी सांगतात ते त्याच प्रकारचं आहे. अमेरिकेत लॅटिना बायकांमध्ये कॅन्सरनं जे मृत्यू होतात त्यात ब्रेस्ट कॅन्सर पहिल्या नंबरावर आहे, आणि सगळं डाएट साहित्य मात्र इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या बाईच्या किचनवर बेतलेलं असायचं. म्हणून या टीमनं स्पॅनिशमधून, त्यांच्याच पदार्थांवर, तीन महिन्यांत नऊ वर्ग घेतले, थोडं शिकवणं, बरंचसं प्रत्यक्ष स्वयंपाक करणं, आणि मधे बाजारात जाऊन खरेदी. सहा महिन्यांनी बघितलं तेव्हा त्या बायका आधीपेक्षा रोज साधारण दोन वाढपं जास्त भाज्या-फळं खात होत्या. वजनातला फरक मात्र ठामपणे सांगावा इतका नव्हता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण ‘वर्ग लावला आणि वजन गेलं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खाणं बदलतं ती पहिली पायरी, वजन त्याच्या मागून येतं, आणि त्यासाठी चालणं, व्यायाम आणि बरेच महिने कुणीतरी पाठीशी असणं लागतं. नंतर त्याच टीमनं पुढच्या कार्यक्रमात वर्गांना फोनवरच्या मेसेजची जोड दिली, ती त्यासाठीच.

यातून आपण घ्यायचं काय, तर त्यांनी त्या बायकांचा भात आणि बीन्स काढून घेतले नाहीत. तुमचे दोन्ही चार्ट का बंद पडले ते बघा ना, पाच माणसांच्या घरात एकीचा वेगळा स्वयंपाक किती दिवस चालणार? आणि ती एकटी म्हणजे घरातली करणारीच बाई. तुमच्या वजनाचा प्रश्न तुमच्या ताटात सुटणार नाही, तो कढईत सुटेल, म्हणजे पाचही जणांसाठी एकच स्वयंपाक पण तो बदललेला. मुलालाही ते हवंच आहे, आताच्या आता नाही तर चाळिशीत.

सुरुवात तेलापासून करा कारण तिथे कुणाला काही सोडावं लागत नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा, पाच जणांचं अडीच लिटर, एक तारखेला तेवढंच भरून बाजूला ठेवायचं आणि ते महिनाभर पुरवायचं. एक टेबलस्पून तेल म्हणजे जवळपास १२० कॅलरी, आणि फोडणी डोळ्यांनी घालायची सवय असली की दोन-तीन चमचे कधी जास्त जातात कळतही नाही.

सासूबाईंना नाही म्हणू नका, काम द्या. त्यांच्या दृष्टीनं खायला घालणं हीच माया आहे आणि तुमच्या आजारपणात त्यांच्या हातात तेवढंच होतं. डिंकाचे लाडू बाळंतिणीला द्यायचे, त्यामागे कारण होतं, पण एका मोठ्या लाडवात दीड-दोन पोळ्यांइतक्या कॅलरी असतात आणि तुम्हाला ताकदीसाठी आता हवीत ती प्रोटीन. तर त्यांना सांगा, ‘आई, डॉक्टर म्हणालेत माझे स्नायू कमी झालेत, मला तुमच्या हातची मोड आलेली मटकी, कुळथाचं पिठलं, मुगाची धिरडी, शेपू घालून मुगाची डाळ, हे रोज काहीतरी पाहिजे.’ पुढच्या तपासणीला त्यांनाही बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकवा. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांतून फरक पडतो, तो वापरून घ्यायचा.

प्रोटीन तुम्हाला दिवसाला साधारण ६०-६५ ग्रॅम लागेल (किडनीचा काही त्रास असेल तर आधी विचारा). वाटीभर घट्ट डाळीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, असा हिशोब आहे, म्हणजे सकाळी पोहे आणि चहा, दुपारी भाजी-पोळी, रात्री खिचडी असा दिवस गेला तर तुम्ही त्याच्या निम्म्यावरही पोचत नाही. नाश्त्याला दोन अंडी किंवा दोन धिरडी आणि दही, दुपारी भाकरी, उसळ, वाटी भरून कोशिंबीर आणि ताक, रात्री डाळ, भाजी, थोडं पनीर किंवा मासे खात असाल तर मासे. ज्वारीची भाकरी चालते, पोळी चालते, भातही चालतो, फक्त अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं आणि मग बाकीचं. मंडईत किंवा दारावरच्या भाजीवाल्याकडे चाकवत, अंबाडी, दोडका, गवार जे स्वस्त असेल ते घ्या, ब्रोकोलीवाचून कुणाचं अडत नाही.

आणि उपास. चातुर्मास, एकादशी, संकष्टी, गुरुवार, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, वर तूप आणि शेंगदाणे, एरवीच्या जेवणापेक्षा जास्तच होतं. उपास तुमच्या श्रद्धेचा भाग आहे तो मी सोडायला सांगणार नाही, पण वरीचा भात थोडा, दही, राजगिऱ्याची भाजी, फळ, दूध असा करा.

व्यायामाचं म्हणाल तर लेट्रोझोलनं सकाळी उठल्यावर बोटं, गुडघे आखडतात आणि त्यामुळे चालायलाच नको वाटतं, बरोबर ना? येल विद्यापीठात अशाच गोळ्या घेणाऱ्या आणि सांधे दुखणाऱ्या बायकांना आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनांचा व्यायाम करायला लावला, वर्षभरात त्यांचं दुखणं ३० टक्क्यांच्या आसपास कमी झालं. म्हणजे दुखणं थांबायची वाट बघू नका. तळजाई तुम्हाला जवळ आहे, पण केमोमुळे तळपायांना मुंग्या किंवा बधिरपणा राहिला असेल तर आधी सपाटीवर, सारसबागेत नाहीतर सोसायटीच्या आवारात चाला, टेकडीवरच्या खडीत पाय मुरगळला तर सगळंच लांबेल. सुरुवात दहा मिनिटांची, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुशअप, पाण्याच्या बाटल्या उचलणं. ही गोळी हाडं ठिसूळ करते, त्यामुळे हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झाला नसेल तर डॉक्टरांना विचारा, कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिनचंही विचारा. झटपट वजन उतरवायच्या नादात स्नायू आणि हाडं दोन्ही जातात, म्हणून आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरवायचं नाही.

असे वर्ग आपल्याकडे का नाहीत म्हणता, तर आपल्याकडे ट्रीटमेंट संपली की पेशंट बरी झाली असं धरलं जातं आणि पुढच्या पाच-दहा वर्षांचं कुणी बघत नाही. याबद्दल शेवटच्या प्रश्नात अजून लिहितेय.

कर्वेनगरहून

ताई, माझी आई ४७ वर्षांची आहे, टॅमॉक्सिफेन चालू होऊन एक वर्ष झालं. तिचं आठ किलो वजन वाढलंय. तिला एका व्हॉट्सॅप ग्रुपवर कळलं की हे त्या गोळीमुळेच होतं, म्हणून ती गोळी अधूनमधून चुकवते, मला परवा डबा मोजल्यावर कळलं. त्याऐवजी हळदीच्या कॅप्सूल आणि एक वजन कमी करायचा काढा घेतेय. मी रागावले तर रडायला लागली.

उत्तर: अगं, रागावू नकोस, पण हे आजच डॉक्टरांना फोन करून सांग. टॅमॉक्सिफेन पाच वर्षं, काहींना दहा वर्षं देतात, कारण ज्यांचा आजार हार्मोनवर वाढणारा असतो त्यांच्यात तो परत येण्याचा धोका या गोळीनं बराच खाली येतो, आणि अशी चुकवून घेतली तर तो फायदा हातचा जातो. वजनाचं म्हणशील तर ज्या मोठ्या अभ्यासांत काही बायकांना टॅमॉक्सिफेन आणि काहींना नुसती साखरेची गोळी दिली होती त्यांत दोन्हीकडच्या वजनात फारसा फरक दिसला नाही. बायकांचं वजन वाढतं हे खरंच आहे, पण ते वर लिहिलंय त्या कारणांनी, आणि नेमकी तेव्हाच गोळी सुरू झालेली असते म्हणून नाव तिचं येतं.

हळदीच्या कॅप्सूल आधी बंद कर. फोडणीतली हळद, दुधातली हळद ठीक आहे, पण कॅप्सूलमध्ये हळदीतला कर्क्युमिन हा घटक खूप जास्त असतो आणि बऱ्याच वेळा मिऱ्याचा अर्कही घातलेला असतो. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना असं कर्क्युमिन देऊन बघितलं तर रक्तातलं औषधाचं प्रमाण खाली गेलं. काढ्यात काय काय आहे ते तर बाटलीवरही धड लिहिलेलं नसतं. जे काही आई घेते, आयुर्वेदिक, होमिओपॅथी, डिप्रेशनची गोळी, सगळ्याचे फोटो काढून ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखव, कारण डिप्रेशनच्याही काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात आणि त्यांना पर्याय देता येतो.

आणि ती रडली ते गोळीसाठी नाही रडली बहुतेक. सत्तेचाळिसाव्या वर्षी केस गेले, पाळी गेली, ब्लाऊज सगळे घट्ट झाले, आणि कार्यात भेटणारी प्रत्येक बाई म्हणणार ‘अगं तब्येत छान झाली की’. तिला दोन ब्लाऊज नवीन शिवून आण आताच्या मापाचे. वजन उतरल्यावर शिवू असं म्हणून बायका वर्षानुवर्षं कार्याला जायचं टाळतात.

चिंचवडहून, एक वाचक

नमस्कार ताई. माझ्या मिसेसची ट्रीटमेंट मार्चमध्ये संपली. तिला डाएट करायचंय. मी काय मदत करू शकतो? मला स्वयंपाक फारसा येत नाही.

उत्तर: दादा, तुम्ही विचारलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण या विषयावर पुरुषांचं पत्र क्वचितच येतं. स्वयंपाक शिकून घ्या, निदान तीन गोष्टी, कुकर लावणं, उसळ आणि कोशिंबीर. संध्याकाळी ऑफिसातून येताना फरसाण, वडापाव, बेकरी घेऊन येऊ नका, घरात आलेलं खाल्लं जातंच आणि मग तिनं खाल्लं म्हणून तिलाच बोल लागतो. रात्री जेवण झालं की टीव्हीपुढे न बसता दोघं चालायला जा. ‘हे खाऊ नकोस’ हे वाक्य मात्र कधीच नको, तिच्या ताटाकडे बघूही नका, आपलं ताट तिच्यासारखं करा.

हडपसरहून

ताई, माझ्या काखेतल्या गाठी काढल्यात आणि डाव्या हाताला थोडी सूज असते. जिम लावायचीय पण सगळे म्हणतात त्या हातानं पिशवीसुद्धा उचलायची नाही.

उत्तर: हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जायचा आणि त्यामुळे कित्येकींचे हात अजूनच दुबळे झाले. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका अभ्यासात हाताला सूज असलेल्या १४१ बायकांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, अगदी हळूहळू वाढवत, आणि त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी होते. फक्त ते सगळं देखरेखीखाली होतं आणि बायका व्यायाम करताना हाताला प्रेशर स्लीव्ह (दाब देणारी घट्ट बाही) घालत होत्या. तर तुम्ही आधी लिम्फेडेमाचं, म्हणजे अशा सुजेचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा, स्लीव्हचं माप घ्या, अर्ध्या किलोपासून सुरू करा, आणि सूज वाढली, हात जड किंवा घट्ट वाटला तर थांबून दाखवा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो इन्फेक्शनचा प्रकार असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर. आणि वजन जास्त असणं हेच सुजेचं एक कारण आहे, म्हणजे तुम्ही व्यायाम करायचाच आहे. जिममधल्या ट्रेनरला ऑपरेशनबद्दल मोकळेपणानं सांगा, ऐकून न घेणारा ट्रेनर असेल तर जिम बदला.

बाणेरहून

वजन कमी करायची इंजेक्शनं आता भारतात मिळतात, माझ्या दोन मैत्रिणी घेतात. मला ब्रेस्ट कॅन्सर होऊन चार वर्षं झाली. मी घेऊ का?

उत्तर: मौंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये भारतात आलं, तेव्हापासून हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. ही औषधं काम करतात यात वाद नाही, आणि ज्यांना डायबेटिस आहे, बीएमआय खूप जास्त आहे, त्यांच्यासाठी डॉक्टर विचार करतातही. पण ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्या बायकांवरचे अभ्यास अजून थोडेच आहेत, म्हणून तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) दोघांनी मिळून ठरवायचं, मैत्रिणीच्या पेनमधून एक डोस घेऊन बघायचा नाही. घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर झाला असेल तर ही औषधं घ्यायचीच नसतात. भूक इतकी मरते की प्रोटीन पोटात जात नाही आणि स्नायू कमी होतात, जे तुमचे आधीच कमी झालेत. आणि सेमाग्लुटाईड (वेगोवीतलं औषध) बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं असं एका मोठ्या अभ्यासात दिसलंय, म्हणजे खर्च किती महिन्यांचा नाही, किती वर्षांचा हा विचार आधी करा.

कोथरूडहून

आम्ही काही जणी एकाच हॉस्पिटलमध्ये केमोला भेटलो होतो, आता चांगल्या मैत्रिणी झालोय. सगळ्यांचंच वजन वाढलंय. दर आठवड्याला भेटून काही करता येईल का? आमच्यात कुणी डाएटिशियन नाही.

उत्तर: येईल, आणि करा. सहकारनगरच्या ताईंना जे न्यूयॉर्कला मिळतं ते इथे का नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी सुद्धा हेच उत्तर आहे, कुणीतरी सुरुवात केल्याशिवाय ते होणार नाही. केमोच्या खुर्चीत शेजारी बसलेली बाई जे ऐकून घेईल ते सख्खी बहीणही नाही घेणार.

दर आठवड्याला एकीच्या घरी जमा, आणि जमल्यावर गप्पांच्या आधी अर्धा तास चालून या, नाहीतर चहा झाला की कुणी उठत नाही. मग जिच्या घरी जमलात तिनं स्वतःचाच रोजचा एक पदार्थ सगळ्यांसमोर करायचा आणि त्यातलं तेल, गूळ, खोबरं कमी करून चव कशी टिकवायची ते बाकीच्यांनी मिळून शोधायचं. कोकणातली असेल तर तिची आमटी, नगरची असेल तर तिचं पिठलं, मारवाडी मैत्रीण असेल तर तिची कढी. महिन्यातून एकदा सगळ्या मिळून मंडईत जा. दिवाळीच्या आधी फराळाचं आपसात वाटून घ्या, एकीनं चकली, एकीनं चिवडा, प्रत्येकीच्या घरी थोडं थोडं जाईल, डबेच्या डबे भरून महिनाभर पुरणार नाहीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तेल मोजायचे चमचे द्या, मला ही कल्पना एका वाचक मैत्रिणीनं सांगितली होती आणि फार आवडली.

सगळ्यांसमोर वजन करायचं नाही, हे अगदी पहिल्या दिवशी ठरवा. जिला सांगायचं तिनं सांगावं. टेप घेऊन कंबर घरीच महिन्यातून एकदा मोजा आणि वहीत लिहा. खर्च वाटून घेऊन दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या डाएटिशियनला आणि एकदा फिजिओथेरपिस्टला बोलवा, ज्या हॉस्पिटलमध्ये ट्रीटमेंट झाली तिथे विचारा, गटासाठी बऱ्याच जणी आनंदानं येतात. तिथल्याच नर्सला सांगून ठेवा की नवीन कुणी ट्रीटमेंट संपवून घरी जात असेल तर तिला आमचा नंबर द्या. आणि औषधांचे सल्ले एकमेकींना द्यायचे नाहीत, कुणाला हार्मोनची गोळी आहे, कुणाला नाही, कुणाला डायबेटिस, एकीचं दुसरीला चालत नाही.

अजून एक फार महत्त्वाचं. गटातल्या एखादीचं वजन काही न करता भराभर उतरायला लागलं, जेवण जात नाही, पाठीत किंवा हाडात सतत दुखतंय, खोकला जात नाही, दम लागतोय, गाठ हाताला लागतेय, असं ती बोलता बोलता म्हणाली, तर तिचं कौतुक करू नका आणि पुढच्या तपासणीच्या तारखेची वाटही बघू देऊ नका. तिथे बसल्या बसल्या तिच्या डॉक्टरांना फोन लावून द्या, आणि तिला एकटीला पाठवू नका, कुणीतरी बरोबर जा.